कमलाकाकूंचं तेल

"मॅडम, तुमच्या शाम्पूनं काहीच फरक नाही पडला," म्हणत गुणवंतकाकांनी बाटली टेबलावर ठेवली. बुलढाण्यात माझा त्वचारोगाचा दवाखाना. काका सोनाळ्याहून बस बदलत आलेले, शेजारी त्यांच्या पत्नी कमलाकाकू. काकूंना कंपवात आहे, हात सतत थरथरतात. पदर कपाळापर्यंत ओढलेला.

पदराखाली लाल कातडी आणि पिवळट, चिकट पापुद्रे. सेबोऱ्हिक डर्माटायटिस, म्हणजे कोंड्याचाच दांडगा भाऊ. एक बुरशी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असते, कातडीच्या तेलावर जगते. कंपवातात हे तेल जास्त सुटतं, बुरशी माजते, कातडी चिडते. म्हणून मी बुरशीवरचा किटोकोनॅझोल शाम्पू दिला होता. तीन आठवड्यांत उतार पडायलाच हवा होता.

"कसा लावता?"

"लावतो अन् लगेच धुतो. मंग कोमट खोबरेल जिरवतो. तेल तं रोज."

माझं डोकंच फिरलं. "काका, बुरशीला पंगत वाढताय तुम्ही!"

काकू हळूच म्हणाल्या, "त्यायले नका बोलू. माह्या हातानं होत नाही, तवापासून तेच लावून देतात." मग त्यांनी विचारलं, "नातीले बी होईन का हे? दीड महिन्याची झाली, अजून मांडीवर नाही घेतली मी."

मला लाज वाटली. पहिल्या खेपेला मी कागदावर 'आठवड्यातून दोनदा' लिहून मोकळी झाले होते. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, एवढंही सांगितलं नव्हतं.

"नाही होत काकू. आजच घ्या मांडीवर. हात थरथरतात म्हणून काकांना जवळ बसवा, म्हणजे झालं."

काकूंचे डोळे भरले. काकांना मी पुन्हा नीट सांगितलं. तेल बंद. शाम्पूचा फेस पाच मिनिटं डोक्यावर ठेवायचा, तेव्हाच औषध काम करतं.

"पाच मिनिटं मी काय करू?"

"हलक्या हातानं चोळा. काकूंशी बोला."

महिन्यानं दोघं आले. लाली गेलेली, पापुद्रे जवळजवळ साफ.

"पाच मिनिटं पुरत नाहीत मॅडम," काका म्हणाले, "इचं बोलणंच सरत नाही."

हा आजार पुन्हा डोकावतो, म्हणून आठवड्यातून एकदा शाम्पू चालू ठेवायला सांगितलं. नातीचं विचारलं तर काकू हसल्या. "माह्याच मांडीवर झोपते. हात हालते तं तिले झुला वाटते."

आता औषध लिहिण्याआधी मी विचारते, घरी हे लावणार कोण?