केरबाच्या दारापर्यंत, एकट्याने

पुण्याहून लोणावळ्याची सकाळची पॅसेंजर सुटली तेव्हा मी बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो होतो. पडण्याची भीती नव्हती. पुढच्या स्टेशनावर उतरून मी पळ काढीन, ही भीती होती. मला दिसत नाही. सातव्या वर्षी देवी आल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. त्याला वीस वर्षं झाली, आणि आता आंधळ्या मुलांच्या शाळेत मी मास्तर आहे. तोवर एकट्याने केलेला माझा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे शाळेच्या दारापासून कोपऱ्यावरच्या हॉटेलापर्यंतचा, तोही चहाच्या ओढीने.

या प्रवासाला कारण झालं एक पत्र. लोणावळ्यात केरबा नावाचा रेल्वेतला गँगमन (रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीतला कामगार) राहतो. त्याची मुलगी सुजाता दहा वर्षांची, गोवरात दृष्टी गेलेली. तिला आमच्या वसतिगृहात पाठवा म्हणून हेडमास्तरांनी तीनदा लिहिलं. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं, कुणा कारकुनाकडून लिहून घेतलेलं. 'तुमचे एक मास्तर स्वतः आंधळे असून पांढऱ्या काठीने एकटे हिंडतात असे लिहिता. त्यांनी स्टेशनापासून माझ्या दारापर्यंत कोणाचा हात न धरता व कोणास वाट न विचारता येऊन दाखवावे. आल्यास मुलगी देतो. न आल्यास पुन्हा लिहू नये.' खाली घराची वाट नीट सांगितली होती.

पांढरी काठी आमच्या शाळेत नुकतीच आली होती. पाऊल टाकण्याआधी काठीचं टोक डावी-उजवीकडे फिरवून जमीन तपासायची, एवढीच तिची विद्या. चार महिने मी आवारात सराव केला होता. आवारात मी वाघ होतो. तिथलं प्रत्येक झाड मला कपाळाने ओळखत होतं. 'एकटे हिंडतात' हा रंग हेडमास्तरांनी पत्रात भरला आणि त्याची किंमत मी मोजायची होती. नाही म्हणायचीही सोय नव्हती. मी गेलो नाही तर ती मुलगी आयुष्यभर एका खोलीत बसणार होती, आणि तशा खोलीत मी स्वतः चार वर्षं बसलो आहे.

तळेगाव गेलं. वडगावला कोर्टाची तारीख असलेली माणसं भांडत उतरली. कामशेतला नव्या गोणपाटाचा आणि तांदळाचा वास डब्यात शिरला, आणि त्याबरोबर एक म्हातारबाबा माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या.

"पिशवीत काय वाजतंय?" त्यांनी विचारलं.

मी ब्रेलची पाटी काढून त्यांच्या हातात दिली. ओळीओळीने चौकटी पाडलेली धातूची पट्टी, तिच्यात जाड कागद अडकवायचा आणि दाभणासारख्या टोचणीने ठिपके टोचायचे. लिहायचं उजवीकडून डावीकडे. मग कागद उलटा केला की ठिपके वर येतात, ते डावीकडून बोटांनी वाचायचे.

"म्हंजी उलटं लिवायचं आन् सुलटं वाचायचं," बाबा म्हणाले. "आन् ही काठी?"

"हिने चालायचं."

"एकलंच?"

"एकटाच."

त्यांनी काठी वरपासून खालपर्यंत चाचपली. मग म्हणाले, "लोनावळ्यात लय धुकं हाय आज. मानूस मानसाला दिसंना." ओंजळीत आणखी शेंगा पडल्या. त्या मी न खाताच पिशवीत टाकल्या.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. धुक्याने माझं काय बिघडणार, असं वाचणाऱ्याला वाटेल. मला तर रोजचंच धुकं. पण लोणावळ्याच्या फलाटावर पाय ठेवला आणि कळलं. भाद्रपदातलं ते दाट, थंड धुकं ओल्या फडक्यासारखं तोंडावर बसलं आणि आवाज गिळू लागलं. हमालाची हाक कानाशी आल्यासारखी वाटे आणि हमाल दूर असे. मी आवाजावर जगणारा माणूस. माझे उरलेसुरले डोळेही त्या धुक्याने झाकले होते.

पत्रातली वाट मला पाठ होती. स्टेशनाबाहेर डाव्या हाताला गूळ उकळण्याचा वास, म्हणजे चिक्कीचे कारखाने. पुढे पिठाची गिरणी, तिच्या आवाजाशी उजवीकडे वळायचं. मग रुळांचं बिनपहाऱ्याचं फाटक, पलीकडे ओढ्यावरची फरशी, आणि फरशीनंतर तिसरं दार. गुळाचा वास मिळाला. काठी ठक ठक करत होती. गिरणीचा आवाज काही येईना. शंभर पावलं गेली, दोनशे गेली. काठीला रस्त्याऐवजी चिखल लागू लागला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आज गुरुवार, सुट्टीचा वार. गिरणी बंद.

त्या चिखलात मी उभा राहिलो आणि मला रडू आलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही. बाजूने एक सायकल गेली. 'अहो' हा शब्द जिभेवर आला आणि तो मी दातांनी धरून ठेवला. वाट विचारायची नव्हती. शेवटी आलो तसा मागे फिरलो, एका हाताने भिंती चाचपत. एका उंबऱ्यापाशी बोटांना पीठ लागलं, जुनं, ओलं होऊन चिकटलेलं. ती गिरणी. पुन्हा तोंड फिरवलं आणि तिथून उजवीकडे.

पुढे रस्ता चढू लागला. तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला. "कोन चाललंय म्होरं? फाटक आलं का रं भाऊ? मला तर हात दिसंना." तिच्या डोक्यावर गवताचा भारा असावा, चालताना ओलं गवत घासल्याचा आवाज येत होता. मी वाट विचारली नव्हती, तिने मला विचारली होती. करारात हे बसत होतं.

"पायाखाली चढ लागला आहे, मावशी," मी म्हणालो. "आता खडी येईल. मग रूळ."

"लय ग्वाड झालं. मी तुझ्या मागनं येते."

मला जरा बळ आलं. अख्ख्या लोणावळ्यात त्या घडीला कुणालाच दिसत नव्हतं, आणि एक डोळस बाई माझ्या काठीच्या मागे चालत होती. काठी खडीवर कुरकुरली. मी थांबलो. मुंबईकडून गाडी येत होती. तिची शिट्टी, मग जमिनीची थरथर, मग धडधडाट. डबे मोजले. शेवटचा डबा गेला, आवाज पुण्याच्या दिशेने लांबू लागला, आणि मी काठी पुढे करून पाऊल उचललं.

माझ्या पिशवीचा पट्टा मागून कुणीतरी असा खेचला की मी पाठीवर आपटलो. नाकासमोरून वारा गेला. पुण्याकडून आलेलं विजेचं इंजिन, आणि मागे डबेच डबे. जाणाऱ्या गाडीच्या आवाजात येणारी गाडी मला ऐकूच आली नव्हती. पाटी खडीवर पडून वाजत राहिली.

"मरायचंय व्हय रं तुला?" मावशी ओरडली. "येवढा दिवा दिसला न्हाई?"

मी तिच्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग तिचा गवताच्या वासाचा हात माझ्या गालावरून डोळ्यांवर आला, आणि तिथेच थांबला.

"आगं बया," ती हळू आवाजात म्हणाली. "आन् मी तुझ्या मागनं चालले व्हते."

तिने पाटी आणि काठी शोधून दिली. मी खडीवरून उठू लागलो. तिने माझा हात धरला. रूळ ओलांडले, ओढ्याची फरशी ओलांडली, आणि मी तो हात सोडला नाही. फरशीपलीकडे ती म्हणाली, "हितनं मी वर जाते, भाऊ," तेव्हा कुठे सोडला. तिसऱ्या दारापर्यंत मी एकट्याने गेलो. तीसेक पावलं असतील.

"एकलं आलात?" दारातून एक जाड आवाज आला. तंबाखूवर चुना चोळण्याचा आवाज थांबला होता. आत कुठेतरी लहान पावलं दाराशी येऊन थांबली.

'हो' एवढंच म्हणायचं होतं. धुक्यात कुणी पाहिलं नव्हतं. मी 'हो' म्हटलं असतं तर ती मुलगी संध्याकाळी पुण्यात असती. पण उद्या तिच्या हाती मी हीच काठी देणार होतो, आणि माझ्या या 'हो'च्या भरवशावर ती पाऊल उचलणार होती.

"नाही," मी म्हणालो, आणि उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गिरणी, मावशी, दोन गाड्या, हात.

केरबाने मला आत नेऊन बसवलं. चहा आला, गुळाचा. तो प्यायची मला हिंमत होईना.

"आमचा एक साथीदार व्हता," केरबा म्हणाला. "घाटात, असंच धुकं. एक गाडी गेली म्हनून लाइनीवर चढला, दुसरी आली. डोळं धडधाकट व्हतं त्याचं. तवापासनं मास्तर, या पोरीला मी दाराभाईर सोडलेली न्हाई."

ज्या गोष्टीला तो भीत होता, तीच मी त्याच्या दारात आणून ठेवली होती. पाटी तेवढी पोरीला द्यावी आणि उठावं, असं ठरवलं. मी तिचं नाव टोचून कागद उलटा केला आणि पुढे धरला. थंड, छोटी बोटं ठिपक्यांवरून फिरू लागली. प्रत्येक अक्षर मी सांगत होतो आणि ती पुन्हा मागे जाऊन ते चाचपत होती. मग बोटं थांबली.

"आबा," सुजाता म्हणाली, "तुमच्या गँगमंदी शिट्टीवाला कशापायी असतो?"

शिट्टीवाला म्हणजे रुळांवर टोळी काम करत असते तेव्हा काहीही काम न करता नुसता उभा राहणारा गडी. गाडी आली की तो लांब शिट्टी मारतो आणि सगळे बाजूला होतात. सगळं निवळलं की दोन छोट्या. ही चाल मला तिथेच कळली.

"गाडी आल्याली सांगाया," केरबा म्हणाला.

"त्याच्या शिट्टीबिगर तुमी लाइनीवर जाता?"

"न्हाई."

"मग तुमी तरी कुटं एकलं जाता? मास्तरांनीच का एकलं यायचं?"

चुलीत ओलं लाकूड फुसफुसत होतं. मला वाटलं आता पोरीला ओरडा बसणार.

"गाठोडं बांध हिचं," केरबा बायकोला म्हणाला.

"सकाळीच बांधलंय," दारामागून बाई म्हणाली.

परतताना केरबा आमच्यापुढे फाटकात जाऊन उभा राहिला. मी आणि सुजाता खडीच्या अलीकडे होतो. मी माझी काठी तिला दिली होती आणि माझ्या हातात केरबाचा एक बांबू होता. केरबाची लांब शिट्टी झाली. एक गाडी गेली. मी शंभर आकडे मोजायला सुरुवात केली आणि तीही माझ्याबरोबर कुजबुजत मोजू लागली. सत्तरपर्यंत आलो आणि दुसरी गाडी धडाडत गेली. मग दोन छोट्या शिट्ट्या वाजल्या. तिने काठी पुढे केली.

केरबाने आम्हाला गार्डाच्या शेजारच्या डब्यात बसवलं आणि गार्डाला चारचारदा बजावलं. गाडी हलली तरी त्याच्या वहाणा फलाटावर डब्याबरोबर वाजत होत्या. मग त्या मागे राहिल्या. मळवली गेलं.

"मास्तर," कामशेतच्या सुमाराला सुजाताने विचारलं, "फाटकात तुमाला भ्या वाटलं व्हतं?"

"हो," मी म्हणालो. "अजून वाटतंय."

"मंग मला वाटलं तर चालंल?"

"चालेल," मी म्हणालो.

त्यानंतर मी पुष्कळ गावं एकट्याने हिंडलो. भीती काही सुटली नाही. गाडी गेल्यावर मी अजून शंभर मोजतो, आणि कुणी हात पुढे केला तर धरतो. त्या दिवशी सुजाताने एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं. पुणे येईपर्यंत तिने ते सोडलं नाही, आणि मीही तिला सोड म्हटलं नाही.