कचेरीतल्या कारकुनाची सेरेमनी

भूमच्या कचेरीतला तो कारकून झेंडावंदनाला, नव्या विहिरीच्या पूजेला, साहेबाच्या निरोपालाही 'सेरेमनी' म्हणायचा. "म्हंजी काय रं?" म्या विचारलं. "चारचौघांसमोर रीतीनं केलेलं काम, काका. खुर्च्या मांडल्या की सेरेमनी." मला तो नुसता तोंडाळ वाटायचा.

माझी बायको गेली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवंना. पोरींना सासरी परतायचं होतं, त्या रडायला लागल्या. मागं उभा असलेला तो कारकून चपला काढून पुढं आला, हात जोडून म्हणाला, "काकू, काकांच्या भाकरीची काळजी सोडा. माझ्या घरून येईल."

कावळा शिवला.

"ही बी सेरेमनीच का?" म्या विचारलं.

"न्हाय, काका. सेरेमनी सांजंला संपती. हे उद्यापासून सुरू."

वर्ष झालं. रोज स्वतः आणतो. भाकर जाड असती. मी खातो.