पायाळू सून

मी पायाळू नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण दुबलगुंडीत ज्यांच्या पाठीला मी टाच लावली त्यांतलं आता फारसं कुणी उरलेलं नाही. मी चारचौघांसारखी डोक्याकडून जन्मले. पायाकडून जन्मलेल्या माणसाला पायाळू म्हणतात, आणि त्याची लाथ बसली की पाठीत भरलेली उसण निघून जाते, हे आमच्या भागात शेंबडं पोरही सांगेल. त्यासाठी पायाळूचीच लाथ कशाला हवी, साधी का चालत नाही, हे मात्र कुणी विचारत नसे. साध्या लाथा गावात मुबलक होत्या.

हा गुण मला आईने दिला, तोही मी सतरा वर्षांची झाल्यावर. निजामाचं राज्य जाऊन वर्ष झालं होतं. भालकीकडच्या आमच्या घरी दुबलगुंडीचे पाहुणे मला बघायला आले. मी काळी, मुलापेक्षा दोन बोटं उंच आणि वर चौथी शिकलेली, म्हणजे नकाराला कारणं भरपूर होती. चहा झाला आणि मुलाचे वडील "कळवतो" म्हणत उठले. उठताना त्यांनी एका हाताने खांब धरला आणि दुसरा कमरेवर ठेवला. माझी आई दाराआड उभी होती. तिने तो कमरेवरचा हात पाहिला आणि आतूनच म्हणाली, "पोरगी पायाळू हाय, बरं का."

मुलाचे वडील परत खाली बसले. माझं लग्न त्या बसण्यात ठरलं.

सासरी निघायच्या आदल्या दिवशी आईने मला न्हाणीत नेऊन बजावलं, "तू सरळच आलीस, डोक्याकडनं. पन आता तसं बोलायचं न्हाई. सुईन मेलीया, सांगनारं कोन न्हाई."

"आनि उसन न्हाई गेली तर?"

"उसन काय जलमभर ऱ्हाती व्हय? चार दिसांत जातीच. तू पाय लाव आनि गप बस."

आईला शाळेचं दार माहीत नव्हतं, पण वैद्यकातलं हे एवढं शहाणपण मला पुढे कुठल्या दवाखान्यातही ऐकायला मिळालं नाही. तरी मला धाकधूक होतीच. खोटं उघडं पडलं तर मला माहेरी आणून सोडतील आणि आईला सोयऱ्याधायऱ्यांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, एवढं कळत होतं.

सासऱ्यांचा तुरीचा व्यापार होता, थोडी शेती होती आणि पाठ जुनी दुखणेकरी. त्या पाठीने राज्य बदललेलं पाहिलं आणि औषधंही बदललेली पाहिली. हकिमाचा लेप झाला, वैदूची तुंबडी झाली, बिब्ब्याचे डाग झाले, आणि आता हुमनाबादच्या सरकारी दवाखान्यातली सुई चालू होती. एक औषध सोडून दुसरं धरायचं, असं ते करत नसत. सगळीच धरून ठेवत.

लग्नाला दोन महिने झाले असतील. सकाळी तांब्या उचलायला ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. घर गोळा झालं, आणि तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की ज्या पायासाठी सून आणली, तो पाय सासऱ्याच्या पाठीला लावायचा कसा? मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हते, तोंडातून शब्द काढत नव्हते. शिवाय आम्ही लिंगायत, त्यांच्या गळ्यात लिंग. आमच्याकडे पायाला मान मोठा, पण तो स्वामींच्या पायाला. स्वामी घरी आले की पाय धुवून ते पाणी आम्ही तीर्थ म्हणून घ्यायचो. सुनेच्या पायाचं काय करायचं ते कुणी ठरवून ठेवलं नव्हतं. तुरीच्या मापात आयुष्यात कधी न फसलेल्या माणसाने एवढी साधी गोष्ट ध्यानात घेतली नव्हती.

दोन दिवस सासरे कण्हत होते आणि घर विचार करत होतं. शेवटी सासूबाई कावल्या. "कामून आनलाव मग हिला? बघत बसायला?" मग माझा नवरा मठातल्या स्वामींना विचारून आला. स्वामींनी डोळे मिटले आणि सांगितलं, लाथ मारली तर पाप, नुसती टाच टेकवली तर औषध. टाच पायात धरत नाहीत हे मला त्या दिवशी समजलं.

मधल्या खोलीत सासरे पालथे झोपले. माझ्या नवऱ्याने आणि सासूबाईंनी दोन टोकांना धरून मध्ये धोतर आडवं ताणलं. त्या धोतराखालून माझा एक पाय पलीकडे गेला. हा पाय कुणाचा ते आपल्याला माहीत नाही, असं सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं.

"डावीकडं," पलीकडून आवाज आला.

"डावीकडं म्हनायलेत," सासूबाईंनी मला सांगितलं. जणू ते दुसऱ्या गावातून बोलत होते.

एका पायावर तोल सावरेना, म्हणून दुसऱ्यावर भार गेला, आणि टाचेखाली सुपारीएवढी टणक गाठ लागली. मी घाबरून आणखीच दाबली. "हां, थितंच, थितंच," असं धोतरापलीकडून आलं आणि मग एक लांब सुस्कारा.

त्या सुस्काऱ्यावर माझा भरवसा नव्हता. उद्या दुखलं तर दोष कुणाचा? म्हणून मी सासूबाईंच्या कानात पथ्य सांगितलं, जागच्या जागी रचून. "तीन दिस फळीवर सरळ पडायचं. वाकायचं न्हाई, काय उचलायचं न्हाई, गाडीत बसायचं न्हाई. गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेकायचं. हे मोडलं तर पायाचा गुन येत न्हाई." मोडणार याची मला खात्री होती. पण सासरे व्रत पाळावं तसं पाळत पडून राहिले. जन्मात ते तीन दिवस कधी आडवे झाले नव्हते. चौथ्या दिवशी उठून हळ्ळीखेडच्या बाजाराला गेले आणि तुरीचा भाव सांगायच्या आधी माझ्या टाचेची गोष्ट सांगत बसले.

मग काय, रीघ लागली. रविवारी आणि बुधवारी आमच्या ओसरीवर पाठी धरून माणसं बसत. मन्नाएखेळ्ळीहून लॉरीवाले येत. बहुतेक जण आधी दवाखान्यात सुई घेऊन येत. गुण आला की टाचेचा, नाही आला की सुईने घाण केली. दवाखान्यातले डॉक्टर मात्र भले होते. एकाला ते म्हणाले म्हणे, "टाच लावा न्हाईतर टोपी लावा, तेवढे तीन दिवस पडून राहा."

खोट्याचाही हात बसतो. वर्षादोन वर्षांत टाचेला कळायला लागलं की मणक्यावर भार द्यायचा नाही, त्याच्या बाजूला दोन बोटं सोडून द्यायचा, आणि माणसाचा श्वास सुटेपर्यंत थांबायचं. ज्याची कळ पायात उतरते त्याला मी हात जोडून दवाखान्यात पाठवत असे. मोठ्या माणसाला टाच लावली की लगेच वाकून पाया पडत असे. पायाळूवर वीज पडते असाही समज आहे. त्यामुळे आभाळ गडगडलं की सासूबाई मला रानातून पळवत घरी आणत. ढग दिसले की शेतकऱ्याची सून खूश होते, हे आमच्या घरी दिसायचं.

बायका फार येत. पेरणीत येत, सुगीत येत, पाहुण्यारावळ्यांच्या दिवसांत तर हमखास. एकीची उसण गेली की पंधरा दिवसांत परत भरे. त्यांच्या सासवा माझ्यावर डाफरत, की हिने आमच्या सुनेला तीन दिवस बसवून ठेवलं. मी सासवांना सांगे, बायकांची पाठ मुळात कच्ची. माझा तसा खराच समज झाला होता.

सातव्या वर्षी, ज्वारीच्या काढणीत, भाऊ आईला गाडीत घालून घेऊन आला. भाषा बघून नवी राज्यं करायची बोलणी चालली होती. भालकी कुठे जाणार, हुमनाबाद कुठे जाणार, यावर भाऊ आणि सासरे ओसरीवर तावातावाने बोलत बसले. आईला मी मधल्या खोलीत आणलं. ती निम्मी झाली होती. घरात भावाची चार पोरं, वहिनी पाचव्यांदा पोटुशी. दळण, पाणी, गोठा सगळं आईच्या अंगावर.

न सांगताच आई पालथी झोपली. "लाव टाच," म्हणाली.

"माय, तुला तर ठाव हाय!"

"हळू बोल. तुझी सासू ऐकंल."

"मग आलीस कामून?"

"पाठ दुखायलीय म्हनून आले. खोटं मी बोलले, पाठ न्हाई."

मी पाय उचलला आणि टेकवला. टाचेखाली मांस लागलंच नाही, नुसती हाडं. मी पाय मागे घेतला, खाली बसले आणि हातानेच पाठ चोळायला लागले. थोड्या वेळाने ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "टाचंचं ऱ्हाऊ दे. ते तीन दिसांचं सांग."

"कसलं?"

"फळीवर पडायचं, काय उचलायचं न्हाई, ते. सगळ्या बायकांला सांगतीस म्हनं. आमच्या गावापातूर आलंय. मला बी सांग की. जरा मोठ्यानं सांग, तुझा भाऊ हाय ओसरीवर."

मला एकदम सगळ्या बायका दिसल्या. पंधरा दिवसांत परत येणाऱ्या, पेरणीत येणाऱ्या, आमच्या ओसरीच्या भिंतीला पाठ टेकून गप्प बसणाऱ्या. त्या टाचेसाठी येत नव्हत्या. सात वर्षं मी गावोगावच्या बायकांना तीन-तीन दिवस वाटत होते, आणि जिने ही विद्या मला दिली तिला एक दिवसही दिला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली. रडू आलं, तेही आईनेच दंडाला चिमटा घेऊन थांबवलं.

मी उठले, दारात गेले. सासऱ्यांसमोर मी तोवर तोंड उघडलं नव्हतं. तिथेच उभी राहून, पार गोठ्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "दादा, मायची उसन लई जुनी हाय. तिला तीन दिसांनी भागत न्हाई. सव्वा महिना लागंल. आनि तंवर गाडीत बसायचं न्हाई."