चार उलटे पीळ

जगातल्या कोणत्याही वस्तूला पीळ असो, तो उजवा की डावा हे आमच्या दाजींच्या नजरेतून सुटत नाही. आणि डावा निघाला, तर त्यांना घास गोड लागत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वडवणीला जीवशास्त्राचे प्राध्यापक. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी पीएच.डी.ला हात घातला, तो ब्रोमोडोमेन नावाच्या प्रथिनखंडाच्या रचनेवर. पेशीतला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. त्या हिस्टोनांच्या शेपट्यांवरची एक रासायनिक खूण हा खंड ओळखतो आणि नेमका तिथे जाऊन बसतो. त्याला चार पीळ असतात, चारही उजवे. एवढ्या ज्ञानावर दाजींनी घरादाराला जेरीस आणले. ताईने वळलेल्या वाती ते उलगडून पुन्हा वळत. लिंबागणेश गावच्या एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाचा फेटाच सोडायला घेतला. ताई कडाडली, "तुमचं प्रथिन ऱ्हाऊ द्या, आदी नवरदेवाला सोडा. अक्षता खोळंबल्यात!"

तोंडी परीक्षेसाठी त्या प्रथिनखंडाची प्रतिकृती करून देण्याची हौस दाजींच्या वडिलांना, तात्यांना आली. तात्या जन्मभर मेंढरांमागे फिरलेले. त्यांनी लोकरीचा दोर काठीभोवती गुंडाळला, घोंगडीला देतात तशी चिंचोक्याची खळ दिली, आणि वाळल्यावर काठी अलगद काढून घेतली. असे चार केले. म्हणाले, "खूण वळखतो ना तुजा गडी? मंग येवढं शिकावं कावून लागतंय? मेंढराच्या पाठीवरचा गेरू मीबी लांबून वळखतो."

परीक्षेच्या दिवशी तात्यांनी बांधून आणलेले खोके उघडले आणि दाजींचा चेहरा उतरला. तात्या डावखुरे, चारही पीळ उलटे! मी भीतभीत सुचवले, "खोकं बंदच ठेवू या. संगणकावरचं चित्र पुरेल." दाजींनी मागच्या खुर्चीत नवा पटका बांधून बसलेल्या तात्यांकडे पाहिले, आणि प्रतिकृती परीक्षकांसमोर ठेवली.

"पीळ उलटे कसे?" परीक्षकांनी विचारलेच. इतक्या वर्षांची मेहनत त्या चार दोरांवर लोंबकळत होती.

"चूक माझी, सर. कोणत्या बाजूनं वळायचं, ते मी सांगितलंच नव्हतं," दाजी म्हणाले, आणि खरी रचना त्यांनी अशी काही उलगडून दाखवली, की परीक्षकांनी पुढचे प्रश्न हसत हसत विचारले.

बाहेर आल्यावर तात्या भेटेल त्याला सांगत होते, "माज्या दोरानं पास झालं पोरगं!" दाजी नुसती मान डोलवत होते.

आता तात्या नाहीत. परवा ती प्रतिकृती कपाटावरून काढून मी नम्रपणे म्हटले, "दाजी, आता तरी हे उजवे करून घेऊ या का?" वातीचाही पीळ न सोडणाऱ्या त्या गृहस्थाने ती माझ्या हातून घेतली, फुंकर घालून धूळ उडवली आणि होती तशी परत ठेवली.

"न्हाई, मेव्हणे," ते हळूच म्हणाले. "त्यांचा हात वळखायला तेवढीच खूण हाय."