आयएसओ खोटं हाय

बायको म्हणते, मला देव भेटला तरी मी आधी त्याचं आधार कार्ड मागीन. तिचं चुकत नाही. भाजीवालीचा काटा, पेट्रोल पंपावरचं मीटर, कशावरच माझा विश्वास बसत नाही. यंदा खिशात मावेल असा छोटा कॅमेरा घेतला, त्याच्यावरही बसला नाही. आयएसओ बत्तीसशेवर ठेवा, कमी उजेडातही फोटो उजळ येतो, असं खोक्यावर छापलेलं होतं. आयएसओ म्हणजे कॅमेरा किती थोड्या उजेडात भागवू शकतो त्याचा आकडा. माझे फोटो मात्र काळपटच येत होते.

नेकनूरकडच्या एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. वडवणीला फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या मित्राला त्याचा मोठा कॅमेरा घेऊन रविवारी बोलावलं. अंधारी, शांत जागा हवी होती, म्हणून शाळेची संगणक खोली उघडली. किल्ली माझ्याकडेच असते. कव्हरं घातलेल्या संगणकांसमोर टेबल ओढून दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी मांडले. भिंग सारखंच उघडं, वेळ सारखाच, आयएसओ सारखाच, समोर भिंतीवरचा तोच नकाशा. मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो उजळ आला, माझा काळा. मोठ्याचा आकडा सोळाशेवर उतरवला, तेव्हा कुठे दोन्ही फोटो जुळले. म्हणजे माझे बत्तीसशे नुसते सांगण्यापुरते होते.

मला चोर पकडल्याचा आनंद झाला. खिडकी उघडी आहे याचं भान न ठेवता मी मोठ्याने म्हणालो, "आयएसओ बियएसओ काय न्हाई बे, सगळं खोटं हाय. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. लिवलंय त्याच्या निम्मंच हाय."

आता, आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं आहे: आयएसओ मानांकित शाळा. गावाला आयएसओ माहीत आहे ते एवढंच. गावाने वर्गणी काढून संगणक आणले, तपासणारे आले, चांगल्या दर्जाचं प्रमाणपत्र देऊन गेले, आणि तेव्हापासून ती अक्षरं तिथे आहेत.

दुसऱ्या दिवशी पाचवीतल्या एका मुलीची आई शाळेत आली. मुलगी तिच्या मागे उभी होती. आई-बाप ऊसतोडीला निघाले होते. गेल्या साली लेकीला सोबत नेलं आणि तिचं वर्ष बुडालं, म्हणून यंदा तिला गावातच मावशीकडे ठेवायचं ठरलं होतं.

"सर, पोरीला संगंच नेते."

"कावून? बहिणीपाशी ठेवणार होता ना, ताई?"

"ठेवनार होते. पर काल शाळंच्या खिडकीखालच्या हापशावर पानी भरत होते. तुमीच म्हनत होताव, आयएसओ खोटं हाय."

मी मोठ्याने हसलो. कॅमेरा काढून दोन आकड्यांची गंमत तिला समजावली. तीही थोडं हसली.

"बरं झालं इचारलं. मंग शाळेचं खरं हाय ना? पोरगी म्हनती, संगनकाला कुनाला हातच लावू देत न्हाईत."

मुलगी आईच्या पदराआडून माझ्याकडे बघत होती. माझे कान तापले. पोरं बिघडवतील म्हणून खोलीला कुलूप घालणारा मीच होतो. तपासणारे गेल्यापासून ती उघडली होती ती फक्त माझ्या कॅमेऱ्यासाठी.

"खरं आहे," मी म्हणालो. "ठेवा तिला. शिकेल ती."

तिने हात जोडले. मला तिकडे बघवेना.

आई-बापाला घेऊन ऊसतोडीचा ट्रक गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी मुलीला घेऊन खोली उघडली. एका संगणकाचं कव्हर काढलं. मागच्या वायरी उंदरांनी कुरतडून टाकल्या होत्या. दुसरं काढलं, तिथेही तेच. पूर्ण रविवार मी या संगणकांसमोर बसून एका आकड्यातली खोट शोधत होतो आणि एक कव्हर उचलून बघावं असं मला वाटलं नव्हतं. 

"तुझ्या आईला फोन करून सांगावं लागेल," मी कसंबसं म्हणालो. "मी खोटं बोललो."

मुलीने कव्हर उचललं, संगणकावर परत घातलं आणि कोपरे नीट खाली ओढले.

"नगा सांगू, सर," ती म्हणाली. "मंग ती मला न्यायला येईल."