आठ दिव्यांची लिफ्ट

तो लिफ्टने कधीच जात नसे, जिन्याने जाई. पायऱ्या मोजताना पहिलीला शून्य म्हणे. स्क्रू गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत ठेवी. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघे. हल्ली आणखी दोन सवयी लागल्या होत्या. मागच्या खोलीचं दार तो आतून लावून घेई. आणि बायको शिलाई मशीनवर बसली, की घड्याळ बघून खिशातल्या वहीत काहीतरी टिपून ठेवी.

ही शेवटची सवय बायकोच्या डोळ्यांत सलत होती.

लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. ती घरीच शिवणकाम करायची: शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. मागच्या खोलीत नवरा जुन्या पद्धतीचा आठ-बिटचा कॉम्प्युटर बांधतोय, एवढं तिला ठाऊक होतं. "माझ्या सवतीला चहा देऊ का?" असं ती दारातून विचारायची. तो हसायचा. अलीकडे हसत नव्हता.

शनिवारी दुपारी तो अंघोळीला गेला. शर्ट धुवायला टाकताना वही तिच्या हाती लागली.

'३.४० बसली. ३.४१ सगळं गेलं. ५.०५ बसली. ५.०५ गेलं. शुक्रवारी ती बहिणीकडे. दिवसभर ठीक.'

आणि खाली दोन रेघा ओढलेला एकच शब्द. 'मुद्दाम?'

वही घेऊन ती तडक वरच्या मजल्यावर गेली. तिथे त्याचा तरुण मित्र राहायचा. साहित्यात पदवी घेतलेला, म्हणून नवराबायको त्याला कविराज म्हणत; तो त्यांना दादा-वहिनी म्हणे.

"एवढी पुस्तकं वाचलीस ना? मग हे वाच. माझ्यावर पाळत का ठेवलीये यांनी?"

कविराजाने पान वाचून काढलं. कित्येक दुपारी तो त्या कॉम्प्युटरसमोर बसला होता. दादांनी या नोंदींबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"वहिनी, शिलाई मशीनला मोटर कधी बसवलीत?"

"दोन महिने झाले. यांनीच बसवून दिली."

मग त्याने तिला समजावलं. त्या कॉम्प्युटरला कीबोर्ड नाही. आठ खटके वरखाली करून एक ओळ मांडायची आणि नववं बटण दाबून ती आत घालायची. अशा एकशे चाळीस ओळी. समोरचे आठ दिवे म्हणजे आठ मजले. त्यांवरून लिफ्ट वरखाली पळवायची, एवढाच दादांचा हट्ट. पण वीज क्षणभर जरी डळमळली, तरी भरलेल्या सगळ्या ओळी पुसून जातात.

"तुमची मोटर सुरू झाली की बहुतेक तेच होतं."

"म्हणजे मी मुद्दाम करते, असं वाटतं यांना?"

कविराजाने तो शब्द पुन्हा वाचला. त्याचा दुसरा काही अर्थ लावता येईना.

ती खाली आली तेव्हा नवरा डोकं पुसत उभा होता. तिने वही त्याच्यापुढे धरली.

"बिघाड झाला की मी नोंद ठेवतो," तो म्हणाला. "लिफ्टचीही ठेवतो."

"मी लिफ्ट आहे?"

"तसं नाही गं. पण तू सवत-सवत म्हणायचीस. मला वाटलं…"

"काय वाटलं ते लिहिलंयत की! लिफ्ट अडकली की आधी काय बघता?"

"वीज. नीट येतेय का ते."

"आतल्या माणसांना विचारता का, मुद्दाम अडकवलीत म्हणून?"

तो तिच्या हातांकडे बघत राहिला.

"माझ्या मोटरची वायर कुठून ओढलीत?"

"मागच्या खोलीतून, कॉम्प्युटरच्याच बोर्डावरून," तो म्हणाला, आणि त्याची नजर त्या खोलीकडे गेली.

तिने पिशवीत कपडे भरले. "बहिणीकडे जाते. शिलाई बंद. आता करा निवांत."

तो मागच्या खोलीत गेला. दार मात्र उघडंच ठेवलं.

उंबऱ्याशी बसून ती चपला घालू लागली. आतून टकटक सुरू झाली. हा माणूस खरंच कामाला बसला! वर्षभर तिने हा आवाज ऐकला होता: आठ हलके टक, मग एक जड. नको नको म्हणत ती मोजू लागली, एकपासून. चपलेचा पट्टा लावायला इतका वेळ लागत नाही, हे तिलाही कळत होतं.

अकराव्या ओळीला पाच टक झाले. सहावा आला नाही.

खुर्ची सरकली. तो पेचकस घेऊन बाहेर आला, तिच्या शेजारून भिंतीशी गेला आणि मेन स्विच बंद केला. पंखा थांबला. मग तो शिलाई मशीनखाली वाकला आणि मोटरची वायर सोडवू लागला.

ती उठली, पण तिने पिशवी खाली ठेवली नाही. "हे माझ्यासाठी चाललंय, की तुमच्या लिफ्टसाठी?"

त्याच्या दातांत स्क्रू होता. तो काढेपर्यंत ती वाट बघत उभी राहिली, एक चप्पल पायात, एक हातात.

मागच्या खोलीत आठही दिवे विझले होते, भरलेल्या दहा ओळी गेल्या होत्या. पाच खटके लावलेले होते, तीन तसेच राहिले होते.