पहिली पंगत बायकांची

रक्ताचा थेंबही न बघता रक्ताची पत सांगणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो नेमका आमच्या आक्काने नवरा म्हणून पदरात पाडून घेतला, हे आम्हा अहमदपूरकरांचं भाग्य म्हणा की भोग म्हणा. दाजी नांदेडला स्कॅन बघणारे डॉक्टर. मोटारसायकलवरून पडून डोकं फुटलेला माणूस आला की बाकीचे त्याचा मेंदू बघायचे. दाजी आधी डोक्याच्या मागच्या अंगाची मोठी शीर बघायचे आणि रक्त तपासायला जायच्या आत सांगून मोकळे व्हायचे, "हिमोग्लोबिन आठाच्या वर न्हाई. रक्ताची सोय करा." दाट रक्त स्कॅनमध्ये पांढुरकं दिसतं, पातळ रक्त करडं, एवढंच त्यांचं शास्त्र. "पाव्हणं, पाणी घातलेलं वरण कुठं लपतं का ताटात?" असं मला विचारायचे. मग लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत मिशीला पीळ देत दारात उभे. अंदाज जुळला की साऱ्या स्टाफला चहा, आणि चुकलाच तर "लॅबवाल्यांना मशीन बघून घ्या म्हणावं!"

हा नाद दवाखान्यात राहिला असता तर कोण कशाला बोलतंय? पण लग्नात आहेर द्यायला गेले की दाजी नवरीची पापणी अंगठ्याने खाली ओढून बघायचे आणि पाकिटाऐवजी गूळ-शेंगदाण्याची पिशवी तिच्या हातात ठेवायचे. वर तिच्या बापाला, "पोरगी पांढरीफटक करून पाठवून राहिलात, शोभतं का?" वरपक्ष बिथरायचा, आम्ही तोंड लपवायचो. आपल्या बायका साऱ्यांचं झाल्यावर तळाचं खातात म्हणून त्यांच्या शिरा करड्या, हे दाजींचं ठाम मत. म्हणून ते ज्या कार्याला जातील तिथे पहिली पंगत बायकांची. म्हातारे कुरकुरायचे, आमच्या पोटात कावळे ओरडायचे, पण दाजी हटतील तर शपथ.

भोकरला चुलत्याच्या नातवाच्या बारशालाही तसंच झालं. बायका पहिल्या पंगतीला बसल्या, दाजी कौतुकाने बघत उभे. पण वाढायला कोण होतं? आमची आक्का! ती पंगतीमागून पंगत वाढत राहिली, उपाशीपोटी. शेवटी भाजीचं पातेलं घेऊन पायऱ्या चढताना तिला घेरी आली आणि ती डोक्यावर आपटली.

तिला तडक नांदेडला आणलं, स्कॅन झाला. दाजींच्या हाताखालचे डॉक्टर म्हणाले, "सर, मॅडमचा मेंदू एकदम स्वच्छ. काळजीचं काही नाही." माझा जीव भांड्यात पडला. दाजी पडद्याजवळ गेले, सवयीने मागची शीर बघितली, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"सहा," ते म्हणाले. "रक्त इतकं पातळ असलं की साकळलेली गाठ पांढरी दिसतच न्हाई. मेंदूच्याच रंगात दडून बसती. परत बघा, नीट."

परत बघितलं. कवटीला चिकटून गाठ होती. ऑपरेशनची धावपळ सुरू झाली, रक्ताच्या पिशव्या मागवल्या. दाजींनी माझा हात घट्ट धरला. "पाव्हणं, सहा म्हणजे लई कमी. आज एकदा लॅबवाल्यांनी मला खोटं पाडावं."

रिपोर्ट आला. अंदाज तंतोतंत. त्या दिवशी चहा कुणी मागितला नाही. बाकावर बसून दाजी लेकरासारखे रडले. "साऱ्या जगाच्या पापण्या ओढल्या, हिची एकदा बघितली न्हाई मी."

आक्का वाचली, देवाची कृपा आणि दाजींचा डोळा. परवा त्यांच्याकडे जेवायला गेलो तर पहिली पंगत बायकांचीच होती, आणि कमरेला टॉवेल गुंडाळून दाजी वाढत होते. भाकरी करपलेली, आणि वरण? वरणाला पाणीच पाणी!

"काय वो डॉक्टर," आक्का हसत म्हणाली, "सांगा की, माझं रक्त आता कितीवर आलं?"

दाजींची पळी हातातच थांबली. "दुनियेचं सांगतो," ते हळूच म्हणाले, "तुझं न्हाई सांगत. तू जेव."

आक्काने ताटातली करपलेली भाकरी संपवली. मग तिने दुसरी मागितली. तिला स्वतःसाठी काही मागून घेताना मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.